चौतीस की त्रेचाळीस?

लेखमाला : पहिली-दुसरीचा आठवडा (भाग अकरावा)

मागच्या भागात आपण काना-मात्रांशी झटणारा वर्ग पाहिला. या आठवड्यात अक्षरं जरा मागच्या बाकावर बसतील. दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र रुळलं की पहिलीच्या वर्गात दशकाची पाळी येते आणि अख्खा आठवडा त्यातच जातो. भिंतीवरच्या वेळापत्रकात हे दिसत नाही. तिथे रोज मराठी, गणित, इंग्रजी, खेळ अशा तासिका ओळीने मांडलेल्या असतात. प्रत्यक्षात सोमवारी हाती घेतलेली गोष्ट परिपाठात डोकावते, दुपारच्या खिचडीपाशी जाते, मैदानावर पळते आणि शनिवारपर्यंत कुठे लेकरांच्या अंगवळणी पडते. निदान चांगल्या वर्गात तरी.

आपल्या जिल्ह्यात हे सगळं बहुधा एकाच खोलीत घडतं. सेनगाव, औंढा किंवा कळमनुरी तालुक्यातल्या लहान गावात किंवा तांड्यावर गेलं तर पहिली आणि दुसरी एकाच शिक्षकापुढे बसलेली असतात. याचं कारण हिशोबाचं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक धरले आहेत. गाव लहान, पट लहान. म्हणजे एकेका शिक्षकाच्या वाट्याला दोन किंवा अधिक वर्ग आलेच. याचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. दुसरीचं जे पोरगं गेल्या वर्षी दशकात अडखळलं, त्याला तोच आठवडा पुन्हा बसल्या जागी ऐकायला मिळतो. पहिलीतल्याला शिकवण्याच्या निमित्ताने त्याचं स्वतःचं पक्कं होतं, आणि वर मोठेपणाही मिळतो.

सोमवारी काड्या. तुराट्यांचे बोटभर तुकडे, खराट्याच्या काड्या, चिंचोके, जे घरून आणता येईल ते. शाळेत गणितपेटी असते, तिच्यात रंगीत मण्यांची माळही असते. पण घरून आणलेल्या काडीवर लेकराचा जीव जास्त असतो. काम एकच : दहा काड्या झाल्या की रबर लावून गठ्ठा बांधायचा, उरलेल्या सुट्ट्या ठेवायच्या. बघणाऱ्याला हे फारच सोपं वाटतं. गंमत अशी की गठ्ठा बांधून झाल्यावर ‘किती काड्या?’ असं विचारलं तर पहिल्या दिवशी निम्मी लेकरं रबर काढून पुन्हा एक, दोन, तीन मोजायला लागतात. दहा वस्तूंना ‘एक’ मानायचं ही उडी मोठी आहे. तिच्यासाठी एक दिवस पुरत नाही, आणि म्हणूनच ‘एकक-दशक झालं’ असं पहिल्याच दिवशी टाचणवहीत लिहून मोकळं होणाऱ्यांची मला काळजी वाटते.

शेतकऱ्याच्या घरातल्या लेकराला ही कल्पना तशी परकी नाही. ज्वारीचा कडबा शेकड्यावर विकला जातो, सुटी पेंढी कोणी मोजून विकत नाही. पाच पेंढ्यांचा पाचुंदा जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. वीस पाचुंदे झाले की शेकडा भरला. आजोबांना हे तोंडपाठ असतं. वर्गात मात्र पाचुंद्याचं नाव निघत नाही. ते निघावं, असं मला वाटतं.

खरी अडचण सुरू होते ती गठ्ठ्यांना नाव देताना. तीन गठ्ठे आणि चार सुट्ट्या काड्या पुढ्यात ठेवल्या आहेत. डोळ्यांना आधी तीन दिसतात, लिहितानाही तीन आधी येतो. कानाला मात्र ‘चौतीस’ ऐकू येतं, म्हणजे चार आधी. लेकरू कानावर विश्वास ठेवतं आणि वहीत ४३ लिहून मोकळं होतं. आपण म्हणतो, याचं लक्ष नाही. लक्ष आहे म्हणूनच तर तसं लिहिलं! शेजारच्या तेलुगू आणि कन्नड मुलांना हा त्रास नाही, कारण त्या भाषांत वीस आधी आणि एक नंतर बोलतात. जर्मन मुलांना मात्र आपल्यासारखंच एक आधी आणि वीस नंतर म्हणावं लागतं, त्यामुळे तिथेही अंक उलटे पडतात. मराठीत वर आणखी ‘एकोण’चा फेरा आहे. एकोणीस, एकोणतीस करत आपण एकोणनव्वदपर्यंत पुढच्या दशकातून एक वजा करत येतो, आणि शेवटी एकोणशंभर न म्हणता नव्याण्णव म्हणतो. हे आपल्याला जन्मभर खटकत नाही. सहा वर्षांच्या मुलाला खटकतं.

यावरून २०१९ च्या जून महिन्यात महाराष्ट्रात चांगलाच धुरळा उडाला होता, तो पालकांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’, बत्तीसबरोबर ‘तीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली होती. मराठी बुडाली, जोडाक्षरं हद्दपार झाली अशी हाकाटी झाली. मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरून विधानसभेत कोट्याही झाल्या. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना वारंवार खुलासा करावा लागला की जुनी नावं काढलेली नाहीत, दुसरी रीत जोडीला दिली आहे. माझं मत सांगायचं तर नारळीकरबाईंची बाजू बरोबर होती. चूक झाली असेल तर एवढीच, की पुस्तक घरात पोचण्याआधी आई-बापांना कुणी विश्वासात घेतलं नाही.

पण ‘तीस चार’ ही काही जादूची कांडी नाही. ती रीत स्वतःची चूक घेऊन येते. ‘तीस चार’ ऐकलं की काही मुलं ३०४ लिहितात. तीस म्हणजे ३०, चार म्हणजे ४. ठेवले शेजारी शेजारी. त्यावर वर्गात कार्डांचा उपाय करतात. ३० चं कार्ड लांब, ४ चं कार्ड अर्ध्या लांबीचं. चारचं कार्ड तीसच्या शून्यावर बरोबर बसवायचं की ३४ दिसतं. कार्ड उचललं की शून्य खालीच असतं. मुलं दहा-दहा वेळा ते उचलून बघतात, शून्य पळून तर गेलं नाही ना म्हणून. बुधवारचा तास यातच जातो, आणि जाऊ द्यावा.

गुरुवारी हिशोब स्वयंपाकाच्या शेडपर्यंत पोचतो. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. यापेक्षा चांगला दशकाचा धडा कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. दहा मुलं म्हणजे एक किलो. एका शाळेत मी पाहिलं ते असं : परिपाठ झाला, पसायदान झालं, मग पहिली-दुसरीतली दोन मुलं वर्गावर्गांतून फिरून हजेरी गोळा करून आली. दहा-दहा जणांसाठी एकेक गठ्ठा, वरच्यांसाठी सुट्ट्या काड्या. आकडा पाटीवर लिहून खिचडी करणाऱ्या मावशींना दाखवायचा. पोरीने पाटीवर लिहिलं ४३.

मावशींनी पाटी बघितली, पोरीच्या मुठीतले गठ्ठे बघितले आणि म्हणाल्या, “एवढी लेकरं कवा आली गं? चार किलो काढू का तीन?”

पोरगी गठ्ठे बघत राहिली. मग म्हणाली, “तीन. आन् वरचे चार जण.” पाटी पुसून तिने ३४ लिहिलं. मावशींनी तीन किलो तांदूळ काढला आणि वर चारशे ग्रॅम. मॅडम दारात उभ्या होत्या, मधे बोलल्या नाहीत. ३४ आणि ४३ मधला फरक नऊ जणांचा, म्हणजे ९०० ग्रॅम तांदळाचा. (वरच्या वर्गातल्या मुलांना एक चाळा सुचवून ठेवतो : कुठलीही दोन अंकी संख्या उलटी करून मोठीतून लहान वजा करा, उत्तर नऊच्या पाढ्यातच सापडेल. ते का, हे त्यांनी गठ्ठे मांडून शोधावं.)

शुक्रवारी खोट्या नोटांचा बाजार भरतो. दहाच्या नोटा, एकेक रुपयाची नाणी, समोर कागदावर किंमत लिहिलेली मेथी आणि वांगी. त्यावर वेगळं लिहायला नको, तो खेळ सगळ्यांना माहीत आहे. फक्त एक सांगतो : २७ रुपयांच्या मेथीला तीन नोटा देऊन तीन रुपये परत मागणारं लेकरू भेटलं तर समजा, त्याची गाडी पुढे गेली.

शनिवारी सकाळची शाळा, दप्तर घरी. दर आठवड्याचा आनंददायी शनिवार सरकारने २०२४ मध्ये पहिली ते आठवीला लागू केला. कागदावर त्यात योग, आरोग्य, रस्ता सुरक्षा असं बरंच आहे. या शनिवारी मात्र मैदानावर फक्कीने मोठे गोल आखलेले असतात. बाई ‘तेवीस’ म्हणतात आणि सगळी पळतात. दहा जणांचा एक गोल, दहा जणांचा दुसरा, तिघं बाहेर. बाहेर राहणाऱ्यांत नंबर लागावा म्हणून भांडणं होतात. सुट्टं राहणं पोरांना गठ्ठ्यात जाण्यापेक्षा का आवडतं, कोण जाणे.

राष्ट्रीय पातळीवर ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. त्याची अपेक्षा अशी की पहिलीच्या शेवटी मुलाने ९९ पर्यंतच्या आणि दुसरीच्या शेवटी ९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्या. अपेक्षा अवाजवी नाही. फक्त आपल्याकडे तिच्या आड एक रस्ता येतो. दशकाचा हा आठवडा येतो त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात. ज्या लेकरांना ठेवून घ्यायला घरी आजी नाही किंवा गावात हंगामी वसतिगृह नाही, ती आई-बापाबरोबर फडावर जातात. कुणाकडे शिक्षण हमी कार्ड असतं, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. पण तिथला वर्ग त्या दिवशी कुठल्या पानावर असेल याचा नेम नसतो. मार्चनंतर लेकरू परत येतं तेव्हा वर्ग बेरजेत असतो, आणि चौतीस-त्रेचाळीसचा गोंधळ त्याच्याबरोबर चौथीपर्यंत चालत जातो.

अशा लेकराला एकटं बसवून पुन्हा ‘एक ते शंभर लिही’ सांगण्यात अर्थ नसतो. लिहील ते, उजळणी म्हणून घडाघडा लिहील. त्याच्याशी मोळ्यांवरून बोलायला सुरुवात करावी. फडात मोळ्या बांधताना, मोजताना त्याने महिनोन्‌महिने पाहिलेलं असतं. खोलीभर पसरलेल्या काड्यांच्या दहा-दहाच्या मोळ्या बांध म्हटलं तर त्याचा हात वर्गातल्या सगळ्यांपेक्षा चटकन चालतो. तिथून पुढे नाव, मग अंक.

घरच्यांसाठी या आठवड्याचं काम थोडं आहे. वहीत उलटी संख्या दिसली तर लगेच खोडून बरोबर लिहून देऊ नका. ‘यात गठ्ठे किती?’ एवढंच विचारा. उत्तर बरोबर आलं तर गडबड फक्त नावाची आहे, ती सवयीने जाते. उत्तरच चुकलं तर काड्या काढा. तुरीचं खळं झाल्यावर काड्यांना काही तोटा नाही.

पुढच्या भागात : सुट्ट्या काड्या कमी पडल्या की गठ्ठा सोडावा लागतो, म्हणजे हातच्याची वजाबाकी. ती बोटांवर का जमत नाही, ते पाहू.