दृष्टान्त : अलंकार की पुरावा?

आपण पाठ करतो : 'सारखा' आला की उपमा, 'जणू' आला की उत्प्रेक्षा. आम्हीही बरीच वर्षं असंच शिकवलं. दृष्टान्तापाशी अडायचो, कारण तिथे खुणेचा शब्दच नसतो.

बोरी अरबच्या शिवारातलंच घ्या. 'बोंड चांदणीसारखं फुटलं' ही उपमा. पण उशिरा बोलणाऱ्या लेकराबद्दल कुणी म्हणालं, 'बोलेल हो वेळ आली की. पऱ्हाटीचं बोंड उकलून का कापूस पिकतो?' बघा, दोन स्वतंत्र विधानं, मधे 'जसं' नाही. साम्य ऐकणाऱ्यानं जुळवायचं. हा दृष्टान्त.

केशिराजबासांच्या 'दृष्टान्तपाठा'त हे जुळवणंही लिहून ठेवलंय. चक्रधरस्वामींचं सूत्र, त्यांचाच दृष्टान्त, आणि केशिराजांनी उलगडलेला दार्ष्टान्तिक. हत्ती चाचपणारे आंधळे तिथे भेटतात.

न्यायशास्त्रात दृष्टान्त सोळा पदार्थांपैकी एक : वादी-प्रतिवादी दोघांनाही मान्य असलेली गोष्ट. पण तिथेही तो एकटा काही सिद्ध करत नाही, हेतू लागतोच. कवितेत हेतू कोण मागतो! आणि घरात? बोंडाचं बोलणं इतकं पटतं, की लेकराचे कान तपासायचे राहून जातात.