एक तांब्या, पाच माध्यमं

नवीन स्केचबुक आणलं आणि पहिल्याच पानावर अडकलात, असं तुमचं झालंय का? रेघ काढायची, खोडायची, पुन्हा काढायची, पुन्हा खोडायची. अर्ध्या तासाने कागद विटतो आणि चित्र आहे तिथेच! माझं शाळेपासून असंच होतं. एलिमेंटरीच्या परीक्षेत वस्तुचित्राच्या पेपरला अर्धा वेळ मी खोडण्यातच घालवला. ग्रेड मिळाली सी. त्यानंतर कितीतरी वर्षं मी चित्रकलेकडे फिरकलेच नाही.

गेल्या वर्षी पुन्हा सुरुवात झाली, तीही घरात पेन्सिल सापडेना म्हणून. हाताशी होतं साधं निळं बॉलपेन आणि समोर आजीचा पितळी तांब्या. (चित्रकलेची परीक्षा दिलेल्या प्रत्येकाचं तांब्याशी जुनं वैर असतंच.) बॉलपेनची रेघ खोडता येत नाही. मग चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी काढली, तिच्याशेजारी तिसरी. तांब्याच्या काठाला चार-चार रेघा झाल्या, पण लांबून पाहिलं तर तांब्या तांब्यासारखा दिसत होता. शाळेत तो कधी दिसला नव्हता.

तुम्हीही हे करून बघा. रोज नवीन वस्तू शोधू नका. एकच वस्तू घ्या आणि माध्यम बदला. वस्तू तीच असली की कुठलं माध्यम काय करतं ते लगेच कळतं.

बॉलपेनने सुरुवात करायची तर पेन अगदी हलकं टेकवा. रेघ फिकट येते. तिच्यावर तिरक्या रेघांचा दुसरा थर, मग तिसरा, अशी सावली गडद होत जाते. टोकाला शाईचा गोळा जमतो, म्हणून शेजारी चिंधी ठेवा. जेलपेनने मात्र असं जमत नाही, त्याची रेघ हलक्या हाताने काढा किंवा दाबून, जवळजवळ सारखीच येते.

पेन्सिल सोडायची नाहीच, पण फक्त एचबीवर थांबू नका. 1795 मध्ये निकोला-जाक कोन्ते या फ्रेंच माणसाने ग्राफाइटच्या भुकटीत माती मिसळून कांड्या भाजायची पद्धत काढली. युद्धामुळे फ्रान्सला चांगलं ग्राफाइट मिळत नव्हतं, त्यातून ही युक्ती निघाली. आजही माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकट, म्हणजे एच. ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी, म्हणजे बी. एचबी, 2बी आणि 6बी एवढ्या तीन पेन्सिली सुरुवातीला पुष्कळ झाल्या. बारा पेन्सिलींचा डबा दिसायला सुंदर असतो, पण त्यातल्या निम्म्यांना कधी टोकसुद्धा होत नाही.

मला खरी मजा आली कोळशात. चित्रकलेच्या दुकानात चारकोलच्या काड्या मिळतात. काडी आडवी धरून घासली की क्षणात अर्धा तांब्या अंधारात जातो. बारीक नक्षी काढायला जाल तर हिरमोड होईल. इथे डोळे किलकिले करून फक्त उजेड कुठे आणि सावली कुठे एवढंच बघायचं. मळलेल्या कणकेसारखा मऊ खोडरबर मिळतो, त्याला चिमटीत टोक काढून काळ्या भागावर टेकवलं की पितळेवरची चमक उमटते. म्हणजे खोडरबरानेच चित्र काढायचं! ज्या खोडरबराने माझी परीक्षा बुडवली, तोच असा कामाला आला. कागद मात्र थोडा खरखरीत हवा, गुळगुळीत कागदावर कोळसा टिकत नाही. आणि जुने कपडे घाला. मी घातले नव्हते, त्यावर आईचं भाषण झालं.

चौथा प्रयोग बोरूचा. व्हॅन गॉगने 1888 मध्ये फ्रान्समधल्या आर्ल गावी असंख्य रेखाटनं बोरूनेच केली. (तो चित्रकार व्हायचं ठरवून कामाला लागला तेव्हा 27 वर्षांचा होता. वय झालं म्हणणाऱ्यांसाठी सांगून ठेवते.) बोरू शाईत बुडवला की आधी जाड रेघ येते, शाई संपत आली की कोरडी, तुटक. फाउंटन पेनच्या साध्या शाईवर ओला ब्रश फिरवला तर ती पसरते आणि सावली आपोआप तयार होते. वॉटरप्रूफ शाई वाळल्यावर अशी पसरणार नाही, तेव्हा बाटली बघून घ्या.

पाचव्यासाठी दुकानातही जायला नको. वह्यांना घालतो तो खाकी कव्हरचा कागद, एक काळी पेन्सिल आणि एक पांढरी. मधली छटा कागदाचीच असते, तुम्ही फक्त सावली आणि चमक भरायची. घरात मुलं असतील तर त्यांना हे नक्की द्या.

पाचही तांब्ये मी आजीपुढे मांडले. तिने चष्मा लावून एकेक कागद उचलला, मग खरा तांब्या हातात घेऊन फिरवला. म्हणाली, "अगं, याला पोचा आहे तो कुठे गेला? माझ्या हातून विहिरीच्या काठावर पडला होता. तुझा बाबा तेव्हा पोटात होता."

पाच वेळा काढूनही पोचा मला दिसला नव्हता. तो मागच्या बाजूला होता. आता तांब्या तसा फिरवून ठेवलाय आणि कोळशाची काडी पुन्हा हातात घेतली आहे.