एक डेटाबेस, अनेक हात : कीड सर्वेक्षणाच्या नोंदी कोठे हरवतात

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री प्रति सापळा आठ किंवा अधिक पतंग आढळले, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे मानून उपाययोजनेची शिफारस केली जाते. या निकषातील ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तीनपैकी मधल्या रात्रीची नोंद नाहीशी झाली, तर सल्ला लांबतो. आणि अळी एकदा बोंडात शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते. नोंद नाहीशी होण्यामागे दर वेळी सर्वेक्षकाचा हलगर्जीपणाच असतो असे नाही. काही वेळा सापळा मोजलेला असतो, आकडा संगणकात भरलेला असतो, ‘जतन झाले’ असा संदेशही आलेला असतो. तरीही आठवड्याच्या अहवालात तो आकडा नसतो.

अशा प्रसंगी डेटाबेसची फाइल कोण कोण उघडते, हे प्रथम पाहावे. लहान केंद्रांतील व्यवस्था साधारणतः अशी असते : नोंदी भरण्याचा एक प्रोग्राम, नकाशासाठी क्यूजीआयएस आणि साप्ताहिक तक्ता काढणारा तिसरा प्रोग्राम. तिन्ही एकाच फाइलवर चालतात. पुढे शेजारच्या टेबलावरील संगणकालाही माहिती हवी असते, म्हणून फोल्डर नेटवर्कवर खुले केले जाते. फाइल ॲक्सेसची असो, एसक्यूलाइटची असो किंवा जिओपॅकेज असो (जिओपॅकेज ही मुळात एसक्यूलाइटचीच फाइल असते), सोय वाढते तसा धोकाही वाढतो.

डेटाबेसची फाइल वहीसारखी ओळीओळीने लिहिली जात नाही. ती ठरावीक आकाराच्या पानांत विभागलेली असते. एसक्यूलाइटमध्ये हे पान सामान्यतः ४,०९६ बाइटचे असते. एक नोंद बदलायची झाली तरी प्रोग्राम संपूर्ण पान वाचतो, स्मृतीत बदलतो आणि संपूर्ण पान परत लिहितो. समजा, एका पानावर दहा सापळ्यांच्या नोंदी आहेत. दोन प्रोग्रामनी ते पान एकाच वेळी उचलले. एकाने तिसऱ्या सापळ्याचा आकडा भरला, दुसऱ्याने आठव्या सापळ्याचा. जो नंतर लिहील त्याचे पान टिकते. पहिल्याने भरलेला आकडा पुसला जातो, आणि तो पुसल्याचे कोणालाच कळत नाही.

हे टळावे म्हणून लिहिण्यापूर्वी फाइलला कुलूप लावण्याची पद्धत आहे. एकाच संगणकावर, एकाच कार्यप्रणालीच्या देखरेखीखाली हे कुलूप विश्वासाने काम करते. तेथे दोन प्रोग्राम आमनेसामने आले तर एकाला थांबावे लागते आणि ‘डेटाबेस लॉक आहे’ असा संदेश दिसतो. हा संदेश त्रासदायक वाटला तरी तो व्यवस्था जागी असल्याची खूण आहे. खरी काळजी हा संदेश मुळीच येत नाही तेव्हा करावी. नेटवर्कवरील फोल्डरमध्ये कुलुपाचा निरोप दुसऱ्या यंत्रामार्फत जातो. काही नेटवर्क-प्रणाली तो अर्धवट पाळतात, तर काही लावल्याचे सांगून लावतच नाहीत. म्हणूनच नेटवर्कवरून अनेकांनी लिहायचे असल्यास एसक्यूलाइटऐवजी सर्व्हरवर चालणारा डेटाबेस निवडावा, असे एसक्यूलाइटचे निर्मातेच सांगतात. ॲक्सेसची रचना कार्यालयीन नेटवर्कवरील अनेक वापरकर्त्यांना गृहीत धरते. मात्र तेथेही तक्त्यांची फाइल वेगळी ठेवून नोंदीच्या अर्जांची प्रत प्रत्येक संगणकावर स्वतंत्र द्यावी लागते, आणि वायफाय मध्येच तुटणे तिला मानवत नाही.

नुकसानीचा आणखी एक प्रकार फसवा आहे. मूळ तक्त्याबरोबर फाइलमध्ये शोधसूचीही असते. तक्त्याचे पान एका प्रोग्रामचे आणि सूचीचे पान दुसऱ्याचे, असा मेळ बिघडला तर सर्व नोंदी उघडून पाहताना एखाद्या गावाची ओळ दिसते, पण गावाच्या नावाने शोधल्यास सापडत नाही. अहवाल शोध घेऊनच तयार होतो. त्यामुळे ते गाव त्यातून गळते.

क्यूजीआयएसमध्ये जिओपॅकेज उघडले की मूळ फाइलशेजारी ‘-डब्ल्यूएएल’ व ‘-एसएचएम’ अशा शेपट्या असलेल्या दोन फाइली दिसतात. त्यांना कचरा समजून पुसणारे उत्साही कर्मचारी सर्वत्र भेटतात. ताज्या नोंदी प्रथम पहिल्या शेपटीत साठतात आणि नंतर मूळ फाइलमध्ये उतरतात. दुसरी शेपटी प्रोग्रामना एकमेकांचा अंदाज देते, परंतु त्यासाठी ते एकाच संगणकावर असावे लागतात. प्रोग्राम चालू असताना फक्त मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेतली, तर आजच्या नोंदी मागे राहू शकतात. ‘-जर्नल’ नावाची फाइल पुसणे याहून घातक. लिहीत असताना वीज गेली, तर अर्धवट बदल मागे घेण्याचा तोच एकमेव आधार असतो.

क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये चालू डेटाबेस ठेवणे हा तर सरळ अपघाताला आमंत्रण देण्याचा मार्ग. तेथे दोन ठिकाणचे कुलूप एकमेकांना दिसतच नाही. परिणामी एकतर ‘विसंगत प्रत’ म्हणून दुसरी फाइल तयार होते किंवा जुनी प्रत नवीवर बसते.

मग माहिती वाटून घ्यायची कशी? फाइल एकाच प्रोग्रामच्या ताब्यात ठेवावी आणि इतरांनी त्याच्याकडून नोंदी मागाव्यात. पोस्टग्रेएसक्यूएलसारखा सर्व्हर हेच करतो : फाइलला हात तो एकटाच लावतो. शेतात ओडीके कलेक्ट वापरणाऱ्यांना हे परिचित आहे. प्रत्येक मोबाइलवर नोंदी स्वतंत्र साठतात आणि पूर्ण झालेला अर्ज सर्व्हरकडे जातो. सर्व्हर परवडत नसेल तर लिहिणारा संगणक एकच ठरवावा, नकाशा व तक्त्यासाठी रोज सायंकाळी सीएसव्ही काढून द्यावी. राखीव प्रत सर्व प्रोग्राम नीट बंद करून किंवा डेटाबेसच्या स्वतःच्या बॅकअप आज्ञेने घ्यावी.

एसक्यूलाइटमधील ‘इंटिग्रिटी चेक’ ही तपासणी बिघडलेली पाने व सूची पकडते. एकावर एक लिहिले जाऊन पुसलेला आकडा मात्र तिला दिसत नाही, कारण तिच्या दृष्टीने फाइल ठणठणीत असते. त्यासाठी जुनाच उपाय उपयोगी पडतो. ज्या सापळ्यात एकही पतंग नाही त्याचीही ‘०’ अशी नोंद करावी. चाळीस सापळे असतील तर रोज चाळीसच ओळी हव्यात. एकोणचाळीस भरल्या, तर सर्वेक्षकाच्या कागदी तक्त्याशी त्याच दिवशी पडताळणी करता येते. शून्य नोंदवण्याची सवय नसेल, तर हरवलेला आकडा आणि रिकामा सापळा यांत फरकच उरत नाही, आणि अहवाल वाचणारा कीड नसल्याचे समजून पुढे जातो.

कामगंध सापळे पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी लागतात. फाइलची मांडणी बदलायची असल्यास ती त्यापूर्वीच बदलावी. नोंदी सुरू झाल्यावर चालू फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवणे हाच वर सांगितलेल्या धोक्यांपैकी एक आहे.