मोठ्या दुकानांना वेगळे किमान वेतन?

किमान वेतन म्हणजे यापेक्षा कमी मजुरी देता येणार नाही, अशी कायद्याने ठरवलेली मर्यादा. ती सगळ्यांना सारखी असावी, की बड्या कंपन्यांना जास्त? यावरून २०१३ साली अमेरिकेच्या राजधानीत, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये मोठा वाद झाला.

तिथे तेव्हा किमान वेतन तासाला ८.२५ डॉलर होतं. जुलैमध्ये नगर परिषदेने ८ विरुद्ध ५ मतांनी एक विधेयक मंजूर केलं. दुकान ७५ हजार चौरस फुटांचं आणि कंपनीची वार्षिक विक्री १ अब्ज डॉलरची असेल, तर तासाला १२.५० डॉलर द्यायचे.

समर्थकांचं म्हणणं : बड्या कंपनीला हे सहज परवडतं. पगारात घर भागलं नाही, तर कामगार सरकारी मदत घेतो आणि तो भार करदात्यांवर पडतो.

विरोधकांचं म्हणणं : काम तेच, मग दुकानाच्या आकारावरून दोन दर कशाला? आणि दुकानच आलं नाही तर नोकऱ्या कुठून येणार? वॉलमार्टने तर तीन नियोजित दुकानं रद्द करण्याचा इशारा दिला.

सप्टेंबरमध्ये महापौर व्हिन्सेंट ग्रे यांनी नकाराधिकार वापरला आणि विधेयक बारगळलं. पण मागणी संपली नाही. वर्षअखेरीस परिषदेने २०१६ पर्यंत सर्वांसाठीच ११.५० डॉलरचा दर ठरवला. म्हणजे बड्या दुकानांना एक डॉलर कमी, पण छोट्या दुकानदारालाही तेवढाच.

आता सांगा, यातला कोणता मार्ग जास्त न्याय्य? वहीत दोन्ही बाजू लिहा आणि मग आपलं मत मांडा.