पाहुणा जेवला, वाढणारीचं काय?



आपल्याकडं पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या, मग चहा, आणि 'भाकरी खाऊनच जा' हा आग्रह. अवचित पाहुण्यासाठी मराठवाड्यात घरोघरी येसराचा डबा भरलेला असायचा. धान्य, डाळ आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ फोडणीच्या पाण्यात कालवून उकळलं की घटकाभरात आमटी तयार. सोबत ज्वारी-बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. वजडी, कलेजी, वाळवलेल्या चान्या हेही आपल्याच चुलीवरचं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांचं हे खाणं लिहून ठेवलं आहे.

आता पाहुण्यापुढं भाकरी ठेवायला लाज वाटते. पोराला दुकानात पिटाळून थंड बाटली, वेफर्स, बिस्किटं आणली जातात. पैसा जातो आणि पाहुण्याच्या पोटात साखर, मीठ, तेल जातं. त्याला मधुमेह किंवा बीपी असेल तर हा पाहुणचार त्याला बाधतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पाहुणे जेवतात, मग पुरुष, मग पोरं. वाढणारी शेवटी बसते, तेव्हा पातेल्यात डाळीचा रस्सा तेवढा उरलेला असतो. ती कोरडी भाकरी चहात बुडवून खाते आणि 'मला भूकच नव्हती' म्हणते. नर्स म्हणून काम करताना चक्कर येते, दम लागतो म्हणणाऱ्या कितीतरी बायांच्या पापण्या मी खाली ओढून पाहिल्या. आतून पांढऱ्या फटक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींत एक.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं-शिळं सोडायला सांगितलं, ते माणसाच्या इज्जतीसाठी. मग घरातल्या बाईनं अजून उरलंसुरलं का खावं?

एवढं करू या:

• पाहुण्याबरोबर सगळ्यांनी एकाच पंगतीत बसावं. भांडी मधे ठेवावी, ज्यानं त्यानं वाढून घ्यावं.

• बाजरी, डाळ, उसळ, तांदुळजा यांत लोह असतं. ते अंगी लागावं म्हणून वरून लिंबू पिळा. कलेजीतलं लोह तर लवकर अंगी लागतं. पण गरोदर बाईनं कलेजी टाळावी, तिच्यातलं 'अ' जीवनसत्त्व जास्त झालं तर बाळाला बाधतं.

• जेवणाला लागून चहा नको, त्यानं लोह कमी शोषलं जातं. तासाभरानं घ्या.

• पाहुण्याला साखरेचा आग्रह नको. आधी विचारा.

• गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली, इतर बाईचं १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजा. तपासणी आणि लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गरोदरपणात गोळी रोज, किमान १८० दिवस. नुसत्या खाण्यानं भागेल या भरवशावर राहू नका.

पुढचा पाहुणा येईल तेव्हा ताटं मांडताना मोजा. वाढणारीचं ताट त्यात आहे ना?