ज्योतीला सुरकुत्या का पडतात?

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड ज्वारीपासून इथेनॉल काढले. त्यावरही चालणारा ‘नूरी’ कंदील केला आणि निम्मे पाणी असलेल्या इथेनॉलवर पेटणारी शेगडीही केली. निम्मे पाणी असूनही इंधन पेटते, कारण आधी त्याची वाफ होते, ती हवेत मिसळते आणि मग जळते. हवा आणि इंधन असे आधीच मिसळलेले असले की ज्योत म्हणजे एक पातळ सरहद्द होते: एका बाजूला थंड मिश्रण, दुसऱ्या बाजूला तापलेला, जळून गेलेला वायू. घरच्या गॅसच्या शेगडीतला निळा शंकू हीच सरहद्द.

ही सरहद्द थंड मिश्रणात सेकंदाला साधारण 40 सेंटिमीटर वेगाने शिरते. मागे उरलेला वायू मात्र सात-आठ पट फुगतो. 1938 मध्ये फ्रान्सचे जॉर्ज दारियस आणि 1944 मध्ये सोव्हिएत संघाचे लेव्ह लांदाऊ यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, रसायनशास्त्र बाजूला ठेवून एवढ्याच गोष्टीचे गणित मांडले. निष्कर्ष धक्कादायक होता: सपाट ज्योत टिकूच शकत नाही.

कारण असे. ज्योतीचा एखादा भाग किंचित पुढे आला की त्याच्यासमोरचा वायुप्रवाह फाकतो आणि मंदावतो. समोरचा विरोध घटल्याने तो भाग आणखी पुढे सरकतो. मागे राहिलेल्या खळग्यात प्रवाह एकवटून जोर धरतो आणि खळगा अधिक मागे लोटला जातो. बाहेरून कोणी हलवायला नको. वायूचे फुगणेच ज्योतीला सुरकुत्या पाडते.

पण या गणितानुसार सुरकुती जितकी बारीक, तितकी ती झपाट्याने वाढायला हवी. मग शेगडीची ज्योत गुळगुळीत कशी? दारियस-लांदाऊ यांनी ज्योतीला जाडीच दिलेली नव्हती. खरी ज्योत मिलिमीटरहून पातळ असली तरी तिच्यात उष्णता आजूबाजूला पसरते. पुढे आलेल्या टोकाची उष्णता चहूकडे वाटली जाते आणि ते टोक रेंगाळते. 1951 मध्ये जॉर्ज मार्कस्टाइन यांनी ज्योतीचा वेग तिच्या वक्रतेशी जोडला. बारीक सुरकुत्या बुजतात, मोठ्याच वाढतात, हे त्यातून कळले. 1977 मध्ये ग्रिगोरी सिवाशिन्स्की यांनी पुढची पायरी गाठली: सुरकुत्या वाढून एकमेकींत कशा मिसळतात, हे एका समीकरणात आणले.

उसापासून इथेनॉल बनवणाऱ्या सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्याशी याचा थेट संबंध आहे. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते आणि ते इंजिनात हवेत मिसळूनच ठिणगीने पेटते. सिलिंडरमध्ये दाब वाढला की ज्योत पातळ होते, बारीक सुरकुत्या बुजवण्याची तिची ताकद घटते. सुरकुतलेल्या ज्योतीचे क्षेत्रफळ जास्त, म्हणून जळणही जलद. उद्या हायड्रोजन आला तर प्रश्न अधिक अवघड होईल. हायड्रोजनचे रेणू उष्णतेपेक्षा वेगाने पसरतात. इंधन कमी आणि हवा जास्त असलेल्या मिश्रणात ते पुढे आलेल्या टोकाकडेच धावतात आणि सुरकुती आणखी वाढवतात.

हे तपासण्याचा मार्ग ठरलेला आहे: बंद पात्रात मिश्रण भरायचे, मधोमध ठिणगी द्यायची, वेगवान कॅमेऱ्याने गोल ज्योतीचे चित्रण करायचे आणि किती त्रिज्येला तिच्यावर सुरकुत्या उमटतात ते मोजून समीकरणाशी ताडायचे. इंधन ज्या मातीत तयार होते, तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत, सांगलीच्या वालचंदसारख्या जुन्या संस्थेत, हे मोजमाप व्हावे. इथेनॉल विकणाऱ्या प्रदेशाला ते कसे जळते याचे स्वतःचे आकडे हवेत.