फ्लोट ट्यूब मासेमारीतील फिन

फ्लोट ट्यूब किंवा पाँटून बोटीवर बसून मासेमारी करताना पायांत घालावयाच्या, रुंद व लवचिक पाते असलेल्या साधनास फिन असे म्हणतात. हवा भरलेल्या तरंगत्या आसनावर बसलेला मासेमार पाण्यात सोडलेले पाय हलवून पुढे-मागे सरकतो, दिशा बदलतो किंवा वाऱ्यात एका जागी टिकून राहतो; त्यामुळे त्याचे दोन्ही हात गळ किंवा जाळे हाताळण्यास मोकळे राहतात. फ्लोट ट्यूबला सहसा वल्हे अथवा इंजिन नसते. काठावर परत येण्याचे मुख्य साधन फिन हेच असल्याने त्यांची निवड केवळ सोयीची नव्हे, तर सुरक्षिततेचीही बाब ठरते.

पार्श्वभूमी

पोहताना हातापायांना पाती बांधण्याची कल्पना जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लहानपणी हातांत धरावयाच्या लाकडी फळ्या करून पाहिल्या होत्या. पायांसाठी केलेला तसाच प्रयोग मात्र त्यांना समाधानकारक वाटला नाही. आधुनिक रबरी फिनचे पेटंट फ्रेंच नौदल अधिकारी लुई द कोर्लिय यांनी १९३३ मध्ये घेतले. अमेरिकेत ओवेन चर्चिल यांनी १९४० च्या सुमारास फिनची विक्री सुरू केली व दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या सैनिकांनी त्यांचा वापर केला. ट्रकच्या ट्यूबला बैठक जोडून केलेली मासेमारीची साधने पुढे फ्लोट ट्यूब म्हणून विकसित झाली आणि पाणबुड्यांचे फिन त्यांच्यासोबत वापरले जाऊ लागले.

महाराष्ट्रातील अनेक जलाशयांतही मच्छीमार ट्रक वा ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा वापरतात. ट्यूबवर बसून हाताने किंवा लहान फळीने पाणी मागे सारत जाळी लावली व काढली जातात. या पद्धतीत गती देण्याचे काम हातांकडे असते; फिन वापरल्यास ते पायांकडे जाते, हा दोहोंमधील मुख्य फरक होय.

कार्यपद्धती

पाणबुड्या आडवा पोहतो व त्याचा पाय कमरेपासून हलतो. फ्लोट ट्यूबमधील मासेमार मात्र खुर्चीत बसल्याप्रमाणे बसतो आणि त्याची हालचाल प्रामुख्याने गुडघ्यापासून होते. पोटरी पुढे झटकली की फिनचे पाते पाणी पुढे ढकलते व त्याच्या प्रतिक्रियेने ट्यूब मागे सरकते. म्हणून मासेमार नेहमी पाठीच्या दिशेने प्रवास करतो व मार्ग पाहण्यासाठी त्याला मान वळवावी लागते. एकच पाय हलविल्यास ट्यूब वळते.

या हालचालीत पाय पुढे जाताना पात्याने अधिक पाणी धरणे आणि मागे येताना कमी रोध करणे अपेक्षित असते. टोकाशी वर वळलेली आखूड पाती याच कारणाने फ्लोट ट्यूबसाठी सोयीची ठरतात. लांब पाते एका झटक्यात अधिक पाणी ढकलते, परंतु त्यासाठी मांडी, गुडघा व घोट्यावर अधिक ताण येतो.

प्रकार

आखूड रुंद फिन : फ्लोट ट्यूबसाठीच तयार केलेले असतात. ते बुटांवर पट्ट्याने बांधता येतात. वजनाने हलके असून काठावर सांभाळणे सोपे जाते.

पाणबुड्यांचे लांब फिन : ताकद अधिक देतात, पण उथळ पाण्यात तळाला अडकतात व सवय नसल्यास पायांत पेटके येतात.

दुभंगलेल्या पात्याचे फिन : मध्ये चीर असल्याने रोध कमी होतो व पाय उशिरा थकतात. जोराच्या वाऱ्याविरुद्ध मात्र त्यांची पकड कमी पडू शकते.

बिजागरीची पाती : टाचेला किंवा बुटाला बांधली जातात व एका दिशेने मिटतात. यांमुळे समोर तोंड करून पुढे जाता येते. मात्र त्यांचा वेग कमी असतो.

निवडीचे निकष

आसनाची उंची : गोल ट्यूबमध्ये मासेमार खोल बसतो व कमरेखालचा भाग पाण्यात राहतो, तेथे आखूड, ताठ पाते पुरेसे होते. पाँटून बोटीवर आसन पाण्याच्या वर असल्याने केवळ पोटरीचा भागच पाण्यात पोचतो. त्यामुळे किंचित लांब पाते उपयोगी पडते. पाँटूनवर दूरच्या अंतरासाठी वल्ही असतात व फिन मुख्यतः जागा धरून ठेवण्यास वापरले जातात.

पायांची क्षमता : पाते किती ताठ असावे हे पहिल्या पाच मिनिटांवरून ठरवू नये. दिवसाच्या शेवटी, थकलेल्या पायांनी वाऱ्याविरुद्ध परत येता येईल, असेच पाते योग्य होय. गुडघ्याचा विकार असलेल्यांना मऊ किंवा दुभंगलेले पाते सोयीचे असते.

माप : मागे उघडा व पट्ट्याचा फिन बुटावर बसवून पाहावा. तो घट्ट असल्यास रक्ताभिसरण अडते व पाय बधिर होतो. सैल असल्यास चिखलात किंवा खोल पाण्यात निसटतो.

तरंगण्याची क्षमता : तरंगणारा फिन निसटला तरी सापडतो. बुडणाऱ्या फिनला घोट्याशी बांधलेली सुरक्षा दोरी आवश्यक असते.

भंडारदरा परिसरातील परिस्थिती

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर हे गाव प्रवरा नदीच्या खोऱ्यात आहे. त्याच्या पश्चिमेकडे १९२६ मध्ये पूर्ण झालेले, सुमारे ८२ मीटर उंचीचे भंडारदरा (विल्सन) धरण असून त्याच्या जलाशयास आर्थर सरोवर म्हणतात. त्याची साठवण क्षमता सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. याच नदीवर खालच्या बाजूस निळवंडे धरण आहे.

सह्याद्रीतील अशा जलाशयांत फिनची निवड ऋतूनुसार बदलते. पावसाळ्यात अतिवृष्टी, गढूळ पाणी व विसर्ग यांमुळे फ्लोट ट्यूब वापरणे धोक्याचे असते. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो व काठालगतच पाणी खोल असते. तेव्हा ताकद देणारे पाते लागते. सिंचनाच्या आवर्तनांमुळे उन्हाळ्यापर्यंत पातळी उतरते आणि चिखल व खडकांचा काठ उघडा पडतो. अशा वेळी जाड तळव्याच्या बुटांवर बांधता येणारे आखूड फिन अधिक उपयुक्त ठरतात. हिवाळ्यातील पहाटेच्या गार पाण्यात पाय आखडू नयेत म्हणून निओप्रीनचे मोजे वापरले जातात.

राज्यातील जलाशयांतील मासेमारीचे हक्क सामान्यतः ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिले जातात. त्यामुळे छंद म्हणून मासेमारी करणाऱ्यांनी पाण्यात उतरण्यापूर्वी संबंधितांची परवानगी घेणे आवश्यक असते.

सुरक्षितता

फ्लोट ट्यूबची गती माणसाच्या साध्या चालीपेक्षाही कमी असते, तर डोंगराळ भागात दिवस चढेल तसा वारा वाढू शकतो. म्हणून सुरुवातीस वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे परतताना वाऱ्याची मदत होते. वारा पाठीशी घेऊन दूर गेलेल्या मासेमारास परतीचा प्रवास थकलेल्या पायांनी करावा लागतो. फिन घातल्यावर काठावर उलट्या पावलांनी चालावे, अन्यथा पाते दुमडून तोल जातो. लाइफ जॅकेट नेहमी घालावे, एक लहान वल्हे जवळ ठेवावे, धरणाच्या भिंतीपासून, दरवाजांपासून व सांडव्यापासून दूर राहावे आणि नवीन फिनचा सराव प्रथम काठालगतच्या स्थिर पाण्यात करावा.